मार्चअखेर: तीन वर्षांचे पैसे आधीच आले, रॉयल्टी पण आधीच भरली, आता नफा दाखवायचा किती?

दूधगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं हिशोब बघतोय, त्याआधी शिरोलीत फाउंड्रीत होतो. फाउंड्रीत बरं होतं, कास्टिंग गेटच्या बाहेर पडलं, चलन फाडलं, बिल झालं, विक्री झाली. इथं विकतोय काय तेच हातात धरता येत न्हाई.

आमचं सॉफ्टवेअर दूध संस्थांसाठी आहे. काट्याचं आणि फॅट मशीनचं रीडिंग आपोआप येतं, पावती निघते, दहा दिवसाचं बिल होतं, डेटा क्लाउडवर जातो. आणि मशीन मराठीत बोलतं, म्हंजे म्हातारी बाई कॅन घेऊन आली की स्पीकरमधनं येतं, "म्हैस, चार लिटर दोनशे, फॅट सहा पूर्णांक आठ." ती बोलणारी बाई आमची न्हाई, बेंगळुरूच्या एका कंपनीचं मॉड्यूल आहे, त्याची आम्ही रॉयल्टी भरतो.

आता प्रश्न. १ जानेवारीला एका संघानं ४० संस्थांसाठी एकदम ऑर्डर दिली. दर संस्थेला ३ वर्षांचे ३६,००० म्हंजे १४,४०,०००, वर १८ टक्के जीएसटी २,५९,२००. त्यांनी १० टक्के टीडीएस १,४४,००० कापला आणि १५,५५,२०० खात्यावर टाकले. मालक खुश, दसऱ्याला घ्यायची गाडी पाडव्यालाच बघू म्हणाले.

दुसरीकडं गेल्या एप्रिलमध्ये आम्ही बेंगळुरूवाल्यांना १,००० लायसनची रॉयल्टी एकरकमी भरली, दीड हजाराप्रमाणे १५ लाख, अधिक जीएसटी. करार ३ वर्षांचा, संपल्यावर उरलेली लायसन वाया, पैसे परत नाहीत. मार्चअखेर एकूण २६० ॲक्टिव्हेट झाली, त्यात ही ४० पण आली.

आमचे कन्सल्टंट म्हणतात जीएसटी रिटर्नमध्ये १४.४० लाख दाखवलेत ना मग विक्री तेवढीच, आणि रॉयल्टीचे १५ लाख खर्चात टाक, झालं फिट्टंफाट, कशाला डोक्याला ताप. मला हे पटत न्हाई पण का पटत न्हाई ते सांगता येईना. कुणी समजावेल का?

मार्केटयार्ड७:
पटायला काय झालं? पैसे आले, बिल झालं, जीएसटी भरला. विक्रीच हाय की. आम्ही गुळाचा सौदा झाला की त्याच दिवशी लिहितो.

उद्यमनगरी:
गुळाची ढेप गाडीत चढली की तुझा संबंध संपला भावा. ह्याचं तसं न्हाई, ह्यानं तीन वर्षं रोज सकाळ संध्याकाळ मशीन चालू ठेवायचं हाय. पहाटे पाचला संकलनाला मशीन बंद पडलं तर फोन कुणाला येतोय?

दूधगंगाकाठ:
मलाच येतोय. सपोर्टवाला पोरगा उचलत न्हाई.

ताराबाईपार्क_सीए:
तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घे. दूध संस्था वर्षभर लिटरमागं थोडे पैसे मागं ठेवते आणि दिवाळीला फरक वाटते. तो पैसा वर्षभर संस्थेच्या खात्यावर पडून असतो. म्हणून तो चेअरमनचा होतो का? न्हाई, तो देणं आहे. तुझे १४.४० लाख पण १ जानेवारीला तसंच देणं होते. फरक एवढाच की तू पैसे परत देणार नाहीस, सेवा देणार आहेस. जेवढी सेवा दिलीस तेवढं दर महिन्याला देण्यातनं काढून उत्पन्नात न्यायचं. ह्यालाच डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या ताळेबंदात अनअर्न्ड रेव्हेन्यू लिहितात, आपल्या कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये इतर चालू देण्यांखाली आगाऊ मिळालेलं उत्पन्न अशी ओळच आहे.

पण आधी एक सांग, कारण सगळं त्यावर अडतं. ३ वर्षं झाली आणि संघानं पैसे भरले न्हाईत तर सॉफ्टवेअर चालू राहतंय का बंद पडतंय?

दूधगंगाकाठ:
बंद पडतंय सर. लॉगिनच होत न्हाई. जुना डेटा फक्त बघता येतो.

ताराबाईपार्क_सीए:
मग ३६ महिन्यांत वाटायचं. सीडी देऊन टाकली, कॉम्प्युटरवर कायमची चालते, वर्षाला एएमसी (देखभालीचे पैसे) वेगळी, असं असतं तर लायसनचे पैसे दिल्या दिवशी उत्पन्न आणि फक्त एएमसी वर्षभर पसरायची. मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून उत्पन्न कधी धरायचं ते सांगणारं इंड एएस ११५ हे हिशोबाचं मानक आहे, त्यात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलाय: गिऱ्हाइकाला जसं आहे तसं सॉफ्टवेअर वापरायचा हक्क दिलास का मुदतभर तुझ्याकडच्या चालू गोष्टीला हात लावायचा हक्क दिलास. लिस्टेड नसशील आणि नेटवर्थ २५० कोटीच्या आत असेल तर तुला ते लागत न्हाई, जुनं एएस ९ लागतं. पण उत्तर तिथंही हेच येतं.

आकडे लिहितो, वहीत उतरव. १४.४० लाख भागिले ३६, महिन्याला ४०,०००. जानेवारी ते मार्च १,२०,००० ह्या वर्षाचं उत्पन्न. उरले १३,२०,०००. त्यातले पुढच्या १२ महिन्यांचे ४,८०,००० चालू देण्यांत आणि ८,४०,००० लांबच्या देण्यांत. जीएसटीचे २,५९,२०० ह्यात कुठंच येत न्हाईत, ते सरकारचे, आपण फक्त हमाल.

आणि इन्स्टॉलेशन, ट्रेनिंगचे पैसे ह्या ३६,००० मध्ये धरलेत का वेगळे घेता? वेगळी रक्कम ठरलेली असेल आणि काम जानेवारीतच पुरं झालं असेल तर तेवढं जानेवारीतच घेता येतं.

तळटीप म्हणून, मी सर न्हाई, मॅडम आहे. कोल्हापूरची आहे म्हणून "लिहितो" म्हणतो.

मार्केटयार्ड७:
😄 आमची ताई पण "मी जातो" म्हणते, पुण्याची वैनी घरात आल्यापासनं रोज त्यावरनं हसाहशी.

दूधगंगाकाठ:
माफ करा मॅडम. इन्स्टॉलेशन ३६ मध्येच आहे. पण मग जीएसटीला १४.४० लाख आणि पुस्तकात १.२० लाख, नोटीस येणार न्हाई का? कन्सल्टंटचं सगळं बोट तिथंच आहे.

ताराबाईपार्क_सीए:
तिथंच तर घोळ आहे, तीन कायदे एकाच पैशाकडं तीन नजरांनी बघतात. जीएसटीत सेवेचं बिल किंवा पैसे, जे आधी होईल त्या दिवशी कर लागतो, त्याला तुझ्या ३६ महिन्यांशी घेणंदेणं न्हाई. मालाच्या ॲडव्हान्सवर तशी सूट नोव्हेंबर २०१७ पासून आहे, सेवेला न्हाई. म्हणून आकडा जुळणार न्हाईच आणि जुळवायचा पण न्हाई, एक मिळवणीचा कागद करून ठेवायचा. ९सी (जीएसटीचा वर्षाचा जुळवणीचा फॉर्म) भरायची वेळ आली तर त्यात ॲडव्हान्सच्या फरकासाठी ओळी दिलेल्याच आहेत.

इन्कम टॅक्सला आयसीडीएस ४ आहे, म्हंजे करासाठी उत्पन्न कधी धरायचं त्याचं मानक. ठरावीक मुदतीत मोजता येणार न्हाईत इतक्या वेळा सेवा द्यायची असेल तर समान हप्त्यांत उत्पन्न धरता येतं, म्हंजे तुझे ४० हजार महिना तिथंही चालतात. लोक फसतात ते टीडीएसला. संघानं १,४४,००० कापले, ते २६एएसमध्ये (तुझ्या नावावर कापलेल्या टीडीएसचा सरकारी उतारा) ह्याच वर्षी दिसणार, आणि पोरं सगळेच्या सगळे ह्याच वर्षी क्लेम करून टाकतात. नियम ३७बीए सांगतो की उत्पन्न अनेक वर्षांत विभागलं तर टीडीएसचं क्रेडिट पण त्याच प्रमाणात विभागायचं. तुझं उत्पन्न बारावा हिस्सा, तर क्रेडिट पण बारावा हिस्सा, १२,०००. उरलेले १,३२,००० रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढं ओढायचे. हे २०२५-२६ चं आहे म्हणून जुन्याच कायद्यानं बोलतो, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, पुढच्या वर्षी हाच निरोप कॉपी पेस्ट करू नको.

उद्यमनगरी:
मॅडमनी एक बाजू फोडून दिली. आता रॉयल्टीचं मी सांगतो, मी सीए न्हाई, पण आमच्या घरात ऊसतोडीची मुकादमी होती. कारखाना सीझनच्या आधी टोळीला उचल देतोय बरोबर? उचल दिली त्या दिवशी कारखान्याचा तोडणीखर्च झाला का? न्हाई. ती येणेबाकी. टोळी फडात उतरली, टन पडायला लागले, तसं टनामागं उचलीतनं कापत जायचं, तेवढाच खर्च. तुझे १५ लाख म्हंजे त्या बेंगळुरूच्या बाईला दिलेली उचल हाय. ती बोलेल तशी फिटणार.

मार्केटयार्ड७:
उचल म्हंजे शेतकऱ्याला मिळते ती पहिली उचल ना? ती तर ऊस घातल्यावर मिळते.

उद्यमनगरी:
ती वेगळी रे. ती उसाच्या बिलाचा पहिला हप्ता. मी टोळीच्या उचलीचं बोलतोय. कोल्हापुरात राहून असं विचारतोस व्हय.

तर भावा, १,००० मधली २६० वापरली, २६० गुणिले १,५०० म्हंजे ३,९०,००० उचल फिटली. ११,१०,००० अजून येणं, प्रीपेड रॉयल्टी म्हणून मालमत्तेत. तुझा कन्सल्टंट १५ लाख खर्चात टाकतोय म्हंजे न तोडलेल्या उसाची तोडणी देतोय.

ताराबाईपार्क_सीए:
उदाहरण झकास. फक्त एक पायरी राहिली. ३,९०,००० फिटले म्हंजे सगळे ह्याच वर्षीचा खर्च असं न्हाई. एका संस्थेत ॲक्टिव्हेट केलेलं लायसन तिथं ३ वर्षं बोलणार आहे, आणि त्या संस्थेकडनं मिळालेले पैसे तू ३ वर्षांत वाटतोयस. मग रॉयल्टी पण तिच्या जोडीनं वाटली पाहिजे. ह्या ४० संस्थांचीच बघ: रॉयल्टी ६०,०००, तीन महिन्यांची ५,०००, उरलेले ५५,००० पुढच्या वर्षांत. न्हाईतर उत्पन्न बारावा हिस्सा आणि खर्च अख्खा, पहिल्या वर्षी फुकटचा तोटा आणि पुढची दोन वर्षं फुकटचा नफा. बाकीच्या २२० चं पण सुरुवातीच्या तारखेप्रमाणे असंच.

म्हणून दोन खाती ठेव. एक न वापरलेली रॉयल्टी. दुसरं वापरलेली पण मुदत शिल्लक असलेली. टॅलीत दोन्ही येण्याच्या बाजूला, पण एकत्र केलीस तर पुढच्या मार्चला कशाचं काय ते तुलाच कळणार न्हाई.

पुण्यात_अडकलेला:
मूळ फुलेवाडी, सध्या हिंजवडी. आधी मोबाईल गेमच्या कंपनीत फायनान्सला होतो म्हणून बोलतो. तुमच्या सगळ्यांच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलीय, की १,००० च्या १,००० विकली जाणार. गेमवाल्यांचं सगळं दुखणं इथंच असतं. क्रिकेटपटूचा चेहरा, फुटबॉल लीगचं नाव, कुठल्यातरी पिक्चरचं कॅरेक्टर, त्यांना आधी मोठी किमान हमी भरायची आणि मग गेम पडला तर? म्हणून इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारखी कंपनी आपल्या वार्षिक अहवालात लिहिते की करारातला दर आणि एकूण अपेक्षित विक्रीवरनं निघणारा प्रभावी दर, ह्यातला जो जास्त त्यानं खर्च टाकणार.

तुमचं उदाहरण घ्या. करार संपेपर्यंत खरं किती जातील? पहिल्या वर्षी २६० गेली, समजा तीन वर्षांत मिळून ६०० च जाणार. मग दर १,५०० न्हाईच, १५ लाख भागिले ६००, म्हंजे २,५००. वापरलेल्या २६० ची रॉयल्टी ६,५०,००० झाली आणि शिल्लक ८,५०,००० राहिली, ११.१० न्हाई. नुसता १,५०० नं कापत बसलात तर करार संपायच्या दिवशी ४०० लायसनचे ६ लाख हातात राहणार आणि एका दिवसात खर्चात मारायला लागणार, तेव्हा मालक विचारणार हे दोन वर्षं कुणाला दिसलं न्हाई का.

आमच्याकडं तेच झालं होतं. मार्केटिंगवाला दर तिमाहीला म्हणायचा पुढच्या सणाला उठाव आहे, आम्ही शिल्लक तशीच पुढं ढकलायचो. सण येऊन गेले, उठाव काय आला न्हाई. ऑडिटरनी शेवटी एका बैठकीत सगळं लिहून टाकायला लावलं, त्या तिमाहीचा बोनस त्यात गेला, माझा पण.

दूधगंगाकाठ:
६०० चा आकडा कुठनं आणू पण? आमचा सेल्सवाला हजार म्हणतो, मालक दीड हजार म्हणतात.

पुण्यात_अडकलेला:
सेल्सवाल्याचं निम्मं करा 😄 खरं सांगायचं तर सह्या झालेल्या ऑर्डरी, गेल्या १२ महिन्यांचा वेग, आणि करार संपायला उरलेले महिने, एवढ्यावरच मांडा आणि दर मार्चला परत तपासा. वेग वाढला तर पुढचा दर कमी होईल. आकडा कसा काढला त्याचा कागद फाइलला पाहिजे, आकड्यापेक्षा ऑडिटर तो कागद बघतो.

ताराबाईपार्क_सीए:
बरोबर बोलतोय. आणि वाया जाणार हे पक्कंच कळलं, म्हंजे उद्या बेंगळुरूवाल्यांनी मॉड्यूलच बंद करतो म्हणून मेल टाकला, तर दर बिर काढत बसायचं न्हाई, न वापरलेलं सगळं त्याच दिवशी खर्चात.

आणखी दोन गोष्टी तपास. प्रीपेडमध्ये १५ लाखच उभे केलेत ना, का १७.७० लाख? जीएसटीचे २.७० लाख क्रेडिट घेतलं असेल तर ते ह्यात येत न्हाईत, मी हे चुकलेलं निदान चार ठिकाणी बघितलंय. आणि बेंगळुरूला पैसे देताना तुम्ही १० टक्के टीडीएस कापला होता का? ॲडव्हान्स आहे, खर्च पुढं पडणार आहे, मग तेव्हा कापू असं चालत न्हाई, देताना किंवा जमा करताना जे आधी. न कापल्यास खर्चातला ३० टक्के भाग नामंजूर होतो.

दूधगंगाकाठ:
टीडीएस कापलाय, ते एक पुण्य केलंय. प्रीपेडमध्ये मात्र १७.७० दिसतायत. म्हंजे क्रेडिट पण घेतलंय आणि इथं पण उभे. आत्ता बघितलं, घाम फुटला.

उद्यमनगरी:
नाद खुळा 😂 बाईची उचल वाढवून दिलास की.

रंकाळ्यावरचा:
उशिरा आलो. पैसे आधीच उत्पन्नात धरायची चूक मोठ्यांनी पण केलीय, वाईट वाटून घेऊ नको. बिटकॉइनवाली मायक्रोस्ट्रॅटेजी ऐकली असशील, ती मूळची सॉफ्टवेअर कंपनीच. २० मार्च २००० ला त्यांनी जाहीर केलं की मागचे आकडे सुधारून देतोय, कारण लायसनच्या जोडीला पुढची कामं बांधलेली असताना पैसे आधीच उत्पन्नात धरले होते. एका दिवसात शेअर ६२ टक्के पडला. नफा म्हणून दाखवलेलं सुधारल्यावर तोटा निघालं.

उलटं पण होतं बरं का. विंडोज १० चे पैसे मायक्रोसॉफ्ट आधी कॉम्प्युटरच्या आयुष्याप्रमाणे काही वर्षांत पसरून दाखवायची, अपडेट फुकट द्यायचे म्हणून. जुलै २०१७ पासून त्यांनी अमेरिकेतला नवा नियम, एएससी ६०६, लवकर लागू केला आणि त्यातला बराचसा भाग विकल्या विकल्या उत्पन्नात यायला लागला. खिडकी तीच, विकणारा तोच, नियम वाचला वेगळा.

माझा प्रश्न मॅडमना. आमचं सीसी लिमिट (बँकेचं कॅश क्रेडिट) रिन्यूअलला आहे, धंदा असाच आगाऊ पैशांचा. डिफर्ड रेव्हेन्यू चालू देण्यांत टाकला की करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) झोपतो आणि बँकवाला भुवया वर करतो. काय सांगायचं त्याला?

ताराबाईपार्क_सीए:
सीएमए (कर्जासाठी बँकेला द्यायचे आकड्यांचे तक्ते) देताना त्या ओळीचा वेगळा तक्ता जोडायचा, कुठल्या गिऱ्हाइकाचं, किती महिने उरले, आणि हे रोखीनं परत द्यायचं न्हाई हे स्पष्ट लिहायचं. बँकेतला माणूस चांगला असला तर त्याला उलट आवडतं, कारण पुढच्या वर्षीची विक्री आत्ताच खिशात आहे. चांगला नसला तर रेशोच बघतो, त्याला काय इलाज न्हाई. लांबचा भाग वेगळा काढायला विसरू नको, अर्धी लोकं सगळंच चालू देण्यांत टाकतात आणि मग रडतात.

आणि दूधगंगाकाठ, एक राहिलं. संघानं मध्येच सोडलं तर? करारात परताव्याचं कलम काय आहे बघ. उद्या दुसऱ्या वर्षी पैसे परत द्यायची वेळ आली तर भरलेला जीएसटी क्रेडिट नोटनं कमी करायची मुदत बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. तुझं बिल जानेवारीचं, म्हंजे मुदत येत्या नोव्हेंबरला संपणार आणि करार त्यापुढं दोन वर्षं चालणार.

दूधगंगाकाठ:
हे कुणी सांगितलंच न्हवतं. परताव्याचं कलम आहे, एका वर्षानंतर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत. आता पुढच्या ऑर्डरला वर्षावर्षाला पैसे घेऊया म्हणून मालकांना सांगतो, ते ऐकतील असं वाटत न्हाई.

दोन दिवसांनी लिहितोय. एक्सेल केलं. एका ओळीला एक संस्था, सुरुवात तारीख, शेवट तारीख, रक्कम, महिन्याचा हिस्सा, ह्या वर्षीचं, चालू, लांबचं, आणि त्याच ओळीत पुढं रॉयल्टी. २६० ओळी भरायला दोन रात्री गेल्या, कारण निम्म्या संस्थांची सुरुवात तारीख कुणी लिहिलीच न्हवती, सपोर्टवाल्या पोराच्या व्हॉट्सॲपवरनं शोधली, "साहेब मशीन बोलायला लागलं" हा मेसेज ज्या दिवशी आला तीच तारीख धरली. ६०० च्या ऐवजी ७०० धरले, वेगावरनं तेवढे निघाले.

कन्सल्टंटना दाखवलं, ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले ठीक आहे असंच करू. मालकांना समजावताना जास्त वेळ गेला. त्यांचं एकच, पैसे माझ्या खात्यात आहेत मग माझे का न्हाईत. शेवटी तो दिवाळी फरकाचा दाखला दिला. ते स्वतः गावच्या संस्थेचे संचालक होते, गप्प झाले. मग विचारलं, म्हंजे ह्या ऑर्डरचे तेरा लाख अजून संघाचेच? म्हटलं व्हय. गाडी राहिली. शोरूमवाल्याला माझा नंबर दिलाय, तो रोज सकाळी फोन करतोय, साहेब टेस्ट ड्राइव्ह कधी घेताय म्हणून.